थॉमस वुल्फ, मॅक्स पर्किन्स आणि आभाराचं पान

थॉमस वुल्फ ह्या अमेरिकन लेखकाची कादंबरी वाचायची तर पावसाळाच बरा. फोंड्यात जूनमध्ये एकदा पाऊस लागला की चवथीपर्यंत काही थांबत नाही, तसाच हा माणूस, सुरू झाला की वाक्यामागून वाक्य, आठवणीमागून आठवण, आई, बाप, आगगाड्या, जेवणं, मेलेला भाऊ, परत आगगाड्या. मला तो खूप आवडतो. पण हल्ली मी त्याच्यापेक्षा जास्त विचार करते तो त्याच्या एडिटरचा, मॅक्सवेल पर्किन्सचा, आणि त्या दोघांच्या मैत्रीचा, जी तुटली आणि तुटूनही संपली नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सगळे म्हणतात की पर्किन्सने वुल्फचं लिखाण कापलं म्हणून दोघांचं फाटलं. मला तसं वाटत नाही. वुल्फने जगासमोर त्याचे आभार मानले, खरं फाटायला लागलं ते तिथून.

वुल्फचा जन्म १९०० चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल नावाच्या डोंगरातल्या गावात. बाप थडग्यांचे दगड घडवायचा, आई बोर्डिंग हाऊस चालवायची, घरात पोरं भरपूर आणि भांडणं त्याहून जास्त. लाडका भाऊ बेन १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेला. हा पंधराव्या वर्षी युनिव्हर्सिटीत, आणि तिथून हार्वर्डला नाटक शिकायला. नाटककारच व्हायचं होतं त्याला, पण नाटकं इतकी लांब की न्यूयॉर्कवाले म्हणाले कापून आण, आणि ह्याला काही कापता येईना. मला इथे नेहमी वाटतं की हा आमच्याकडे जन्माला यायला हवा होता, देवळासमोरच्या मांडवात रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपून लोक घराकडे निघतात तेव्हा पोदेर पाव घेऊन रस्त्यावर आलेला असतो, तिथे लांब आहे म्हणून कोणी उठून जात नाही.

मग नाटक सोडून कादंबरी लिहिली. 'ओ लॉस्ट' असं नाव, टाईप केलेली अकराशेच्या वर पानं. बाकीच्या प्रकाशकांनी परत केलेला तो गठ्ठा १९२८ मध्ये स्क्रिब्नर्समध्ये पर्किन्सच्या टेबलावर आला.

पर्किन्स तिथे १९१० पासून होता, आधी जाहिरात खात्यात, नंतर एडिटर. फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी कंपनीतल्या जुन्या लोकांना नको होती, ती त्याने हट्टाने १९२० मध्ये काढायला लावली, मग हेमिंग्वे आला. ऑफिसमध्ये बसूनसुद्धा डोक्यावर हॅट असायची. बोलणं कमी. घरी पाच मुली, मुलगा नाही. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, हा माणूस स्पेलिंगमध्ये कच्चा होता, फिट्झजेराल्डच्या त्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती चुकांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे अजून कितीतरी लोकांना वाटतं की एडिटर म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणारा माणूस. ते मुद्रितशोधन झालं, ते पण हवंच, पण ते काम वेगळं. पर्किन्स बघायचा की ह्या पुस्तकाचा जीव कुठे आहे, आणि त्याच्यावर काय काय येऊन पडलंय.

पर्किन्सचं पत्र वुल्फला व्हिएन्नात मिळालं. त्याच्या आधी म्युनिकला ऑक्टोबरच्या बिअरच्या जत्रेत मारामारी होऊन त्याचं डोकं फुटलं होतं, खिसा आणि मन दोन्ही रिकामं, आणि अशात हे पत्र की तुमचं हस्तलिखित वाचलं, भेटायला याल का. जानेवारी १९२९ मध्ये तो स्क्रिब्नर्सच्या ऑफिसात गेला. साडेसहा फूट उंच माणूस, इतका उंच की म्हणे फ्रिजच्या माथ्यावर कागद ठेवून उभ्याने लिहायचा, आणि तो खुर्चीत घाबरून बसलेला. पर्किन्सने एका प्रसंगाचा विषय काढला. कादंबरीतला बाप, दगड घडवणारा, त्याच्या दुकानाच्या दारात संगमरवरी देवदूत उभा असतो, आणि वेश्यागृह चालवणारी एक बाई आपल्याकडच्या मेलेल्या मुलीच्या थडग्यासाठी तो विकत मागायला येते. पर्किन्सने नुसतं नाव काढलं तोच वुल्फ घाईघाईने म्हणाला, मला माहितेय हे तुम्ही छापू शकणार नाही, मी लगेच काढतो. आणि पर्किन्स म्हणाला, काढता? अहो, मी वाचलेल्या सगळ्यात थोर कथांमधली एक आहे ही!

हा किस्सा मी आमच्या वाचक मंडळात सांगितला तेव्हा सगळ्यांना वाटलं मी उलटं सांगतेय. ज्याला अख्खी दुनिया कापणारा माणूस म्हणून ओळखते त्याने वुल्फच्या एका पानाबद्दल पहिल्यांदा काय म्हटलं, तर काढू नका.

कापलं मात्र पुष्कळ. सुमारे ६६ हजार शब्द. आधीची सुरुवात बापाच्या लहानपणापासून होती, अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईकडे निघालेले दक्षिणेचे सैनिक रस्त्याने जाताना दोन पोरं उभी राहून बघतात. पर्किन्सला स्वतःला ते पान अतिशय आवडलं होतं. तरी काढायला लावलं, कारण बाकीचं पुस्तक त्या बापाच्या मुलाच्या, यूजीनच्या, डोळ्यांतून आहे आणि हे त्याने पाहिलेलं नाही. आपल्याला आवडलेलं चांगलं पान काढायला सांगणं, ह्याला काय लागतं ते ज्याने कधी दुसऱ्याचं लिखाण हातात घेतलंय त्याला कळेल. वाईट पान कोणीपण काढतो. (पुढे २००० साली 'ओ लॉस्ट' मूळ रूपात छापलं गेलं, हौस असेल त्याने दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत, मला तरी कापलेलंच जास्त भिडतं.)

ऑक्टोबर १९२९ मध्ये 'लुक होमवर्ड, एंजल' ह्या नावाने पुस्तक आलं. अ‍ॅशव्हिलमध्ये संतापाची आग लागली, कारण सगळं गावच त्यात ओळखू येत होतं, आणि वुल्फ पुढे १९३७ पर्यंत स्वतःच्या गावाला गेला नाही. लहान गावात राहून लिहिणाऱ्यांना ह्यातलं सगळं कळेल, आमच्याकडे तर एका वाड्यावरचं लिहिलं तर दुसऱ्या वाड्यावरचे विचारतात हा कोण ते.

दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट म्हणजे खरं दोघांच्या मैत्रीची गोष्ट. वुल्फ चार वर्षं लिहीत राहिला, थांबायचं कुठे ते त्याला कळेना. १९३३ च्या डिसेंबरात पर्किन्सनेच त्याला सांगितलं की झालंय आता, आणून दे, आणि त्याने आणून दिला तो कागदांचा डोंगर. मग १९३४ भर रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोघं स्क्रिब्नर्समध्ये बसायचे. पर्किन्स म्हणायचा इथलं काढू, वुल्फ हो म्हणून घरी जायचा आणि काढायच्या जागी आणखी हजारो शब्द लिहून आणायचा. बापाच्या मरणाच्या प्रसंगावरून असंच झालं. पर्किन्सचं म्हणणं, यूजीन तेव्हा तिथे नाही, तर तो प्रसंग नको. वुल्फ म्हणाला बरोबर आहे. आणि दुसऱ्या रात्री तोच प्रसंग लिहून घेऊन आला. पर्किन्सने वाचला आणि आपला नियम सोडून दिला, कारण ते पान फारच चांगलं होतं. मला पर्किन्स सगळ्यात मोठा वाटतो तो इथे. गेटिसबर्गच्या वेळी जो नियम लावला तोच इथे मोडला, आणि दोन्ही वेळेला बरोबर होता.

शेवटी वुल्फ शिकागोचं जागतिक प्रदर्शन बघायला गेला असताना पर्किन्सने हस्तलिखित छापखान्यात पाठवून दिलं. परत आल्यावर वुल्फ हादरला, त्याला अजून सहा महिने हवे होते. पण त्याशिवाय ते पुस्तक कधीच आलं नसतं असं माझं मत. 'ऑफ टाईम अँड द रिव्हर', १९३५, नऊशेच्या वर पानं.

आणि आता अर्पणपत्रिका. वुल्फला पुस्तक पर्किन्सला अर्पण करायचं होतं. पर्किन्सने त्याला पत्र लिहिलं की तुझ्या लिखाणावर काम करणं हा माझ्या आयुष्यातला मोठा आनंद आहे, पण तुला मनातून वाटतं की मी तुझं पुस्तक बिघडवलं, किमान पूर्ण होऊ दिलं नाही, मग हे अर्पण मनापासूनचं कसं होईल, तर ते करू नकोस. काय पत्र आहे! ज्याच्यासाठी रात्री घालवल्या त्याला असं लिहायचं. वुल्फने ऐकलं नाही. कडवट निराशेच्या काळात साथ न सोडणारा थोर एडिटर, शूर आणि प्रामाणिक माणूस, अशा शब्दांत पुस्तक त्याला अर्पण केलं. तेवढ्यावर थांबला नाही, हे पुस्तक कसं घडलं त्याची पूर्ण हकीगत लिहून छापली, संध्याकाळच्या त्या बैठका, कापाकापी, पर्किन्सचा धीर, सगळं मोकळ्या मनाने.

ते वाचून १९३६ च्या एप्रिलमध्ये बर्नार्ड डीव्होटो नावाच्या समीक्षकाने लिहिलं की नुसती प्रतिभा पुरत नाही, ह्या माणसाला स्वतःला पुस्तक रचता येत नाही, ते पर्किन्स आणि स्क्रिब्नर्सचा कारखाना रचून देतो. पुरावा काय, तर वुल्फनेच दिलेला.

हे मला नुसतं वाचून कळलं नसतं. पणजीच्या एका दैनिकाची रविवारची पुरवणी काढणारे आमचे सर होते, माझ्या पहिल्या कथा त्यांनीच छापल्या. शिसपेन्सिलीने समासात एक उभी रेघ मारायचे आणि पानं परत द्यायचे. रेघेच्या बाजूला कधी शेरा, "हें काड. बरें आसा, पूण हांगा नाका." आणि कधी फक्त प्रश्न. एका कथेत माझा माणूस बेतीच्या फेरीबोटीत चढतो, तिथे सरांनी विचारलं होतं, पाऊस होता का, आणि तो कुठल्या बाजूला उभा राहिला? मी उत्तर लिहायला बसले आणि त्यातून दीड पान झालं, आणि कथा खरी तिथेच होती. ते दीड पान माझं आहे. पण तो प्रश्न आला नसता तर ते कुठून आलं असतं?

संग्रह निघाला तेव्हा सर म्हणाले माझं नाव कुठेही घालू नको. मी घातलं, आभाराच्या पानावर, दोन परिच्छेद. प्रकाशनाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने भाषणात म्हटलं की संग्रहात सरांचा हात जागोजाग दिसतो, आणि नंतर चहाच्या वेळी लोक मला विचारत होते की सरांनी किती लिहून दिलं. मी बाई म्हणून लोकांनी जरा जास्तच विचारलं असणार असं मला वाटतं. तेव्हा झालेला राग मला अजून आठवतो, आणि तो राग क्षणभर सरांवरही गेला होता, त्यांचा काडीचा संबंध नसताना. सर त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पुढची कथा कधी देतेस एवढंच विचारलं.

म्हणून वुल्फ चिडला तेव्हा काय झालं असेल ते मला आतून कळतं. आपण ज्याचे मनापासून आभार मानले त्याच्याच नावाने लोक आपल्याला लहान करतात, मग मोठं व्हायला एकच वाट दिसते, त्या माणसापासून लांब जायचं. कारणं बाकी पण होती, ब्रुकलिनच्या एका कुटुंबाने लावलेला बदनामीचा दावा स्क्रिब्नर्सने कोर्टाबाहेर मिटवला ते वुल्फला पटलं नाही, शिवाय त्याला आता स्क्रिब्नर्समधल्या माणसांवरच लिहायचं होतं आणि त्याने पर्किन्स धास्तावला. राजकारणावरूनही वाजायचं. पण ही सगळी वरची लाकडं, आग आधीच लागलेली. वुल्फने लांबलचक पत्र लिहून संबंध संपवला, पर्किन्सने उत्तरात लिहिलं की तुझ्याइतकं माझं मूळ गोष्टींत कोणाशीच पटलेलं नाही. १९३७ च्या शेवटी वुल्फ हार्पर ह्या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला, तिथे एडवर्ड अ‍ॅस्वेल नावाचा तरुण एडिटर मिळाला.

१९३८ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेच्या पश्चिमेला फिरायला गेला आणि सिअ‍ॅटलमध्ये न्यूमोनियाने पडला. १२ ऑगस्टला हॉस्पिटलच्या बिछान्यातून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, पेन्सिलीने त्याने एक पत्र लिहिलं, पर्किन्सला. त्यात म्हटलंय की मरण मी जवळून पाहून आलो, आणि काहीही झालं तरी मी तुम्हाला तसंच आठवेन जसे तुम्ही त्या ४ जुलैला होता, तुम्ही मला बोटीवर घ्यायला आला होता आणि मग आपण त्या उंच इमारतीच्या माथ्यावर गेलो आणि खाली सगळं शहर होतं. ही १९३५ ची गोष्ट, पुस्तक गाजलेलं, वुल्फ युरोपातून परत आलेला, दोघं खूश. आभाराचं विष अजून चढलं नव्हतं.

१५ सप्टेंबर १९३८ ला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये वुल्फ गेला, क्षय मेंदूत पोचला होता. अडतिसावा वाढदिवस अडीच आठवड्यांवर. पर्किन्स अंत्यविधीला अ‍ॅशव्हिलला गेला. आणि मृत्युपत्र उघडलं तर व्यवस्थापक म्हणून नाव पर्किन्सचं! हार्परकडे गेल्यावरही वुल्फने ते बदललं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या एडिटरने वुल्फच्या उरलेल्या कागदांतून पुस्तकं बांधायची आणि परवानगी ह्याने द्यायची. १९४० मध्ये 'यू कान्ट गो होम अगेन' आलं, त्यात फॉक्सहॉल एडवर्ड्स नावाचा एडिटर आहे, हॅटसकट, तो पर्किन्सच. आपलं असं उघडं चित्र आपल्याच परवानगीने छापलं जाताना त्याला काय वाटलं असेल. दिली त्याने परवानगी. १९४७ च्या जूनमध्ये तो वारला, आणि वुल्फबद्दल हार्वर्डच्या ग्रंथालयाच्या पत्रिकेसाठी लिहिलेला त्याचा लेख त्यानंतर छापून आला. आयुष्यभर दुसऱ्यांची पानं वाचलेल्या माणसाचं हे शेवटचं स्वतःचं लिखाण, आणि विषय वुल्फ.

आता मराठीत ज्यांना वाटत असेल की ह्या पर्किन्सचा आपल्याशी काय संबंध, त्यांच्यासाठी. तुम्ही 'पाडस' वाचलंय ना? ज्योडी, हरणाचं पिल्लू, फ्लॉरिडाचं रान. मूळ पुस्तक मार्जोरी किनन रॉलिंग्जचं 'द यर्लिंग', १९३८ चं, आणि ते लिही म्हणून तिच्या मागे लागलेला माणूस पर्किन्स. तिच्या पत्रांतून तिथलं रान, नदी, शिकारी वाचून त्याने सुचवलं की ह्या रानातल्या एका मुलाचं पुस्तक लिही. तिने बराच काळ मनावर घेतलं नव्हतं, हा पत्रांतून आठवण करत राहिला. त्या पुस्तकाला पुढे पुलित्झर मिळालं. आणि मराठीत ते कोणी आणलं, राम पटवर्धनांनी, म्हणजे 'सत्यकथे'च्या संपादकांनी, श्री. पु. भागवतांच्या बरोबर बसून दुसऱ्यांच्या कथा नीट करण्यात ज्यांची वर्षं गेली त्यांनी. मी 'पाडस' शाळेत असताना वाचलं आणि रडले, तेव्हा ह्यातलं काही माहीत नव्हतं. एका एडिटरने सुचवलेलं पुस्तक दुसऱ्या एडिटरने आपल्या भाषेत आणलं आणि ते फोंड्याच्या एका मुलीच्या हातात पडलं, मला ह्या गोष्टीने फार बरं वाटतं.

गोव्यात आपण पुस्तकं पुष्कळ काढतो, खूप जण स्वतःच्या पैशाने काढतात, हॉल भरतात, पुष्पगुच्छ होतात. त्या पुस्तकांच्या आभाराच्या पानावर नवरा-बायको, चित्रकार, छापखाना, देणगीदार सगळे असतात. हस्तलिखित वाचून समासात रेघ मारणारा माणूस नसतो, कारण बहुतेक वेळा तो मुळातच नसतो, आणि असला तर मागे राहतो. मला दोन्हीचं वाईट वाटतं. माझ्या दुसऱ्या संग्रहात मी सरांचं नाव परत घालणार आहे, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणखी एक. सरांकडे जुन्या लेखकांच्या पत्रांची आणि सरांनी त्यांना पाठवलेल्या उत्तरांच्या प्रतींची एक जाड फाईल आहे, कागद पिवळे होऊन तुटायला लागलेत. त्यांची परवानगी मी मिळवली आहे, पुढच्या महिन्यापासून रविवारी बसून स्कॅन करायचंय. फोंड्याच्या आसपासचं कोणी मदतीला येणार असेल तर या, स्कॅनर आहे, अक्षर लावून वाचणारी माणसं हवीत. आणि तुमच्या घरी अशी कुठल्या संपादकाची पत्रं पडून असतील, गोव्यातल्या कुठल्याही पेपरच्या पुरवणीची, मासिकाची, गावच्या दिवाळी अंकाची, तर ती रद्दीत घालू नका, मला कळवा.